अण्णांचा डीएक्स-७ आणि बारक्याचा लॅपटॉप : एका ऑर्केस्ट्रातल्या वादाचं प्रकरण

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका तालीम मंडळाच्या माडीवर सराव करणारा हा ऑर्केस्ट्रा. सगळ्यांचे पोटापाण्याचे उद्योग वेगळे, पण गणपती, नवरात्र आणि लग्नसराईत सुपाऱ्या घेतात आणि पाकीट मोजून घेतात. हौशी म्हणावं तर पैसे मिळतात, धंदा म्हणावं तर त्यात भागत नाही. माणसांची नावं देत नाही, ग्रुपात ज्या हाकेनं ओळखतात तीच ठेवतो.

अण्णा साठीच्या पुढचे. नव्वदच्या दशकात मुंबईच्या एका वादकाकडून यामाहा डीएक्स-७ हा वापरलेला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेतला, तेव्हापासून तोच वाजवतात. बारक्या त्यांच्याकडेच पेटी शिकलेला. दिवसा उद्यमनगरात सीएनसी मशिनवर, रात्री लॅपटॉपवर ट्रॅक बनवत बसलेला. सुपारी ठरवणारे मालक, गाणारी ताई आणि ढोलकीवाला (घरचं गुऱ्हाळ, म्हणून हंगामात सरावाला उशिरा येणारा) हे बाकीचे संबंधित. माझी शाहूपुरीत रेकॉर्डिंगची खोली आहे आणि या ग्रुपचं मिक्सिंग अधूनमधून मी करतो. त्यामुळे पंच म्हणून मला बोलावलं.

वादाचं निमित्त साधं होतं. डीएक्स-७ थकला होता. दोन-तीन पट्ट्या दाबल्या तरी वाजत नव्हत्या. आतली बॅटरी उतरली की साठवलेले टोन पुसले जात, आणि दुरुस्त करणारा माणूस जवळपास मिळत नव्हता. मालकांचं म्हणणं, गणपतीच्या आत लॅपटॉपवर या. बारक्यानं लॅपटॉपवर डेक्सेड नावाचा मोफत सॉफ्टवेअर सिंथ (आवाज घडवणारं वाद्य) टाकला. तो डीएक्स-७ चीच नक्कल करतो. सोबत एक छोटा मिडी कीबोर्ड जोडला. त्याला स्वतःचा आवाज नसतो, कोणती पट्टी किती जोरात दाबली एवढा निरोप तो 'मिडी' नावाच्या भाषेत लॅपटॉपला देतो. सरावात दुसरं गाणं संपायच्या आत अण्णा उठले.

"पत्र्यासारखं वाजतंय. हे मी स्टेजवर घेणार न्हाई."

"अण्णा, आवाज ज्याला जसा वाटंल तसा असतोय. मला तर हाच भारी वाटतोय. सब्जेक्टिव्ह आहे ते."

इथं गाडी अडली आणि पुढचे काही सराव तशीच अडून राहिली. "ज्याला जसा वाटंल तसा" या वाक्याची गंमत अशी की ते कुणालाच खोडता येत नाही, त्यामुळे त्यानं काही ठरतही नाही. तिढा सोडवायची दिशा ढोलकीवाल्यानं दाखवली, तीही चहा पिता पिता. "गूळ कुणाला पिवळाधमक आवडतोय, कुणाला काळपट. त्यात भांडण कशाला? पण दाताखाली खडा आला तर ती आवडनिवड न्हवं. आधी खडा हुडका."

मग आम्ही खडे हुडकायला लागलो. ते दोन्हीकडे निघाले.

मूळ यंत्राबद्दल थोडं

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डीएक्स-७ बाजारात आला १९८३ साली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेली एफएम पद्धत त्यात आहे. एका साध्या लहरीनं दुसऱ्या लहरीची कंपनसंख्या अतिशय वेगानं वरखाली हलवायची. त्या हलण्यातून नवे उपस्वर तयार होतात आणि साधी शीळ घंटा होते, पियानो होते, बासरी होते. डीएक्स-७ मध्ये अशा सहा लहरी आहेत, त्या एकमेकींना जोडायच्या ३२ रीती आहेत आणि एका वेळी १६ सूर वाजतात. ऐंशी-नव्वदच्या गाण्यांत जागोजागी ऐकू येणारा इलेक्ट्रिक पियानोचा तो टणत्कारी, चकचकीत टोन याच जातीचा.

आता वादातली मौज बघा. डीएक्स-७ च्या पोटात कंप पावणारी तार नाही, हवा मारणारा भाता नाही, जुन्या सिंथमधलं अ‍ॅनलॉग सर्किटही नाही. चिपवर चालणारी आकडेमोड आहे. लॅपटॉप तीच आकडेमोड वेगळ्या चिपवर करतो. म्हणजे हा "खरं वाद्य विरुद्ध सॉफ्टवेअर" असा सामना नव्हताच. एक सॉफ्टवेअर पत्र्याच्या पेटीत बंद होतं आणि दुसरं लॅपटॉपमध्ये. अण्णा आज ज्याला 'गोल' म्हणतात त्याच आवाजाला त्या काळी अ‍ॅनलॉगवाले काचेसारखा, थंड म्हणून नावं ठेवत. मी हे बोलून दाखवल्यावर अण्णा म्हणाले, "ते मुंबईवाले असतील." बरं.

पत्रा कुठून आला

तुलना करायची तर दोन्हीकडे टोन तोच हवा. डीएक्स-७ ला मिडी केबल लावून आतले ३२ टोन लॅपटॉपवर उतरवता येतात. ती सगळी फाईल भरते फक्त ४,१०४ बाइट. अण्णांची अर्धी कारकीर्द व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका फोटोपेक्षा कितीतरी लहान जागेत मावली, याचं त्यांना हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं असावं. फाईल डेक्सेडमध्ये उघडली. टोन तोच, आकडे तेच. अण्णांनी छोट्या मिडी कीबोर्डवर हात ठेवला आणि पुन्हा पत्रा!

म्हणजे अण्णांच्या मनाचा खेळ नव्हता. मीही ऐकला. जोरात मारलेल्या प्रत्येक सुराच्या तोंडाशी एक 'टण्' येत होता, भांड्यावर पळी आपटावी तसा.

कारण सापडलं ते पट्टी किती जोरात दाबली या आकड्यात. मिडीत हा जोर १ ते १२७ असा मोजतात. डीएक्स-७ चा स्वतःचा कीबोर्ड कितीही जोरात मारला तरी १२७ पर्यंत पोचत नाही. शंभराच्या आसपास थांबतो. नव्या मिडी कीबोर्डवर मात्र हात जरा जड पडला की सरळ १२७ जातो. साध्या सॅम्पलच्या (आधी रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या) पियानोत यामुळे फार तर आवाज थोडा मोठा झाला असता. एफएममध्ये तसं नसतं. तिथं जोर वाढला की दुसरीला हलवणारी लहरही वाढते, म्हणजे आवाजाचा रंगच बदलतो, धार येते. हे टोन बनवणाऱ्यांनी डीएक्स-७ च्याच पट्ट्यांवर वाजवून ते जमवलेले. शंभराच्या वर ते कसे लागतात हे त्या पट्ट्यांवरून कुणाला ऐकू येणंच शक्य नव्हतं. त्यात अण्णांचा हात जड, कारण इतकी वर्षं त्यांचं वाद्यच जोर मागत होतं.

लॅपटॉपमध्ये जोराची वरची मर्यादा शंभरावर आणून ठेवली. पत्रा गेला. दोन मिनिटांचं काम. त्यासाठी गुरू-शिष्यांत कित्येक दिवसांचा अबोला झाला होता.

एवढ्यावर बारक्या जिंकल्यासारखा हसायला लागला. पण त्याच्या बाजूचा खडा अजून निघायचा होता. मीटर लावून बघितलं तर लॅपटॉपची पातळी डीएक्स-७ पेक्षा चांगली दोन-तीन डेसिबलनं वर होती. एवढा फरक कानाला "मोठा" असा कळत नाही. तो "स्वच्छ", "भरीव", "भारी" असा कळतो. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिलं की आवाज लहान असला की कानाला खर्ज आणि तीव्र टोकं कमी ऐकू येतात, मोठा झाला की ती भरून येतात. दुकानदार विकायचा स्पीकर नेहमी थोडा वर लावतो ते उगीच नाही. पातळी एकसारखी केल्यावर बारक्याला विचारलं, आता कोणता भारी? तो बराच वेळ दोन्हीकडे आलटून पालटून ऐकत राहिला. मग म्हणाला, "आता सांगता येईना."

डोळे झाकून

पुढची पायरी माझ्या खोलीवर. डीएक्स-७ च्या पट्ट्यांवर अण्णांनी वाजवायचं. त्याच वेळी त्याचा स्वतःचा आवाज एका ट्रॅकवर आणि त्याच मिडीवर वाजणारा लॅपटॉप दुसऱ्या ट्रॅकवर. हात एकच, जोर एकच, ठोका एकच. पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवली. मग ऐकणाऱ्याला क, ख आणि एक गुपित क्ष ऐकवायचा आणि क्ष हा क आहे की ख, एवढंच विचारायचं. सोळा वेळा विचारलं आणि बारा किंवा जास्त बरोबर आले, तर ते निव्वळ नशिबानं येण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी असते. आम्ही तीच रेघ धरली.

या चाचणीची एक गोष्ट लोक विसरतात. कोणता आवाज चांगला हे ती सांगतच नाही. फरक ऐकू येतो की नाही, एवढंच सांगते. आमच्या वादाला नेमकं तेवढंच हवं होतं, कारण "आहे" आणि "आवडतं" या दोन गोष्टींची भेळ झाली होती.

एकट्या इलेक्ट्रिक पियानोवर, लांब सोडलेल्या सुरांत, अण्णांनी रेघ आरामात ओलांडली. खूण विचारली तर म्हणाले, "सूर जिथं मरतोय तिथं बघ. खाली खरखर आहे, तो माझा. तुझा सूर मरतोय आणि गप होतोय." अगदी बरोबर. डीएक्स-७ मध्ये आकड्यांची वीज करणारी चिप १२ बिटांची आहे. मोठ्या आवाजात तिचा खरखरीतपणा झाकला जातो, सूर विरत गेला की उघडा पडतो. लॅपटॉप त्याहून कितीतरी बारीक पायऱ्यांनी मोजतो, त्यामुळे शेपूट शेवटपर्यंत गुळगुळीत. खूण कळल्यावर बारक्याही पास झाला. म्हणजे कान तयार होतो. काल न ऐकू आलेला फरक आज ऐकू येतो आणि त्यात कल्पनेचा काही भाग नसतो.

मग त्याच तुकड्यावर ढोलकी आणि बेस चढवला. पुन्हा क, ख, क्ष. अण्णा नाही, बारक्या नाही, मी नाही, कुणीच रेघ गाठली नाही. खरखर तालात बुडाली.

अण्णा गप्प बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "मग मी एकटा घरी वाजवताना माझा, आणि स्टेजवर कुठलाबी."

मला विचाराल तर या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच. आवाजाची प्रत ही वाद्यात बसलेली नसते आणि नुसती ऐकणाऱ्याच्या डोक्यातही नसते. कुठं, कशासोबत, कशातून ऐकतोय हा तिसरा भाग असतो आणि वादात नेमका तोच कुणी काढत नाही.

आता ती खरखर दोष की गुण? कागदावर दोष. यामाहानंच पुढच्या डीएक्स-७ मालिकेत १६ बिटांची चिप घालून ती काढून टाकली. पण मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून कारागीर जवारी काढतो, ती तरी काय असते? तार घोडीला घासून उठलेला झंकारच. तो मोजता येतो, चित्रात दाखवता येतो, आणि तो नसेल तर तंबोरा मुका लागतो. म्हणून "मोजता आलं म्हणजे दोष" हे मी मान्य करत नाही. मोजल्यानं आहे की नाही तेवढं कळतं. हवं की नको हे वाजवणाऱ्यानं सांगायचं. मात्र आधी मोजून मग सांगायचं, एवढी माझी अट.

कोल्हापूरला हा वाद नवाही नाही. इथल्याच गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला, आणि त्याच पेटीला आकाशवाणीनं १९४० साली दार बंद केलं ते १९७१ पर्यंत. पेटीवरचे आक्षेप निव्वळ आवडीचे नव्हते. पेटीतून मींड निघत नाही हे खरंच. समान अंतरावर बसवलेल्या सप्तकात गांधार शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा) चढा असतो हेही खरं. काळी एकच्या षड्जावर तो फरक सेकंदाला पावणेतीन कंपनांचा येतो, आणि तंबोऱ्याच्या गांधाराशी पेटीचा गांधार लावला तर तेवढी आंदोलनं कानाला मोजता येतात. तरीही पेटीवाल्यांनी मैफली रंगवल्या. दोष खरा, रंगत खरी, दोन्ही एका वेळी. पेटी वाजवून मोठे झालेले अण्णा हे ऐकून जरा खुलले.

लीडमधलं भूत

इथपर्यंत निकाल बारक्याच्या बाजूला झुकत होता. मग लीडचा टोन आला.

बासरी-शहनाईच्या जागा भरायला बारक्यानं दुसरा एक जुना मोफत प्लगइन (डेक्सेडसारखंच लॅपटॉपमधलं वाद्य) घेतला होता. करवती लहरीचा, टोकदार. खालच्या सप्तकात छान वाजायचा. वरच्या टोकाला अण्णा तोंड वाकडं करत. "वर गेलं की बेसूर होतंय." ट्यूनर लावला, सूर काट्यावर. बारक्या म्हणाला, "बघा. मशिन सांगतंय सुरात आहे."

मशिन मूळ सुरापुरतं खरं सांगत होतं. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डची सगळ्यात उजवीकडची पट्टी घ्या. तिची कंपनसंख्या २,०९३. करवती लहरीत तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर वर चढत जातात. लॅपटॉप सेकंदाला ४४,१०० नमुने घेत असेल तर त्याच्या निम्म्यापर्यंतच, म्हणजे २२,०५० पर्यंतच कंपनं धरता येतात. त्यावरचं सगळं प्लगइननं आधीच छाटायला हवं. छाटलं नाही तर ते नाहीसं होत नाही, भिंतीला आपटून परत खाली येतं. विसावा उपस्वर ४१,८६० चा. तो परत येतो ४४,१०० वजा ४१,८६० म्हणजे २,२४० वर. मूळ सूर २,०९३ आणि त्याला चिकटून २,२४०! त्या पट्टीला षड्ज मानला तर शेजारी कोमल रिषभाच्या जरा वर एक आगंतुक सूर उभा. त्याचा जोर मूळ सुराच्या विसाव्या हिश्शाइतका, म्हणून ट्यूनर फसतो. अण्णांचा कान फसला नाही.

खात्री करायला पिच व्हीलनं, म्हणजे सूर वरखाली सरकवायच्या चाकानं, मींड घेतली. सूर वर जातो तसं हे भूत खाली घसरतं, आणि तेही वीसपट वेगानं, कारण विसावा उपस्वर सुराच्या वीसपट सरकतो. एकदा कानात बसलं की दुसरं काही ऐकूच येत नाही. बारक्यानं हेडफोन काढले आणि एकच शब्द बोलला. इथं लिहिता येण्यासारखा नाही.

हा खडा होता, आवडनिवड नव्हे. चांगले सॉफ्टवेअर सिंथ आतल्या आत दुप्पट, चौपट, आठपट नमुने घेऊन हिशेब करतात आणि वरचं छाटून मग खाली आणतात, किंवा करवतीची लहरच अशी घडवतात की वरचे उपस्वर मुळात उठत नाहीत. प्रोसेसरवर ताण येतो, पण भूत जातं. बारक्यानं असा प्लगइन शोधून लावला. अण्णांनी वरची पट्टी दाबली, मींड घेतली आणि मान डोलावली. कौतुकाचा एवढाच ऐवज त्यांच्याकडून मिळतो.

न्यायानं हेही सांगायला हवं की अण्णांच्या डीएक्स-७ मध्येही वरच्या घंटेच्या टोनमध्ये अशीच भुतं आहेत. त्याचेही नमुने मर्यादित, आणि एफएममध्ये उपस्वर झपाट्यानं वाढतात. पण घंटा मुळातच वाकड्यातिकड्या उपस्वरांची असल्यानं तिथं ती मिसळून जातात आणि चकाकी वाटतात. अण्णांना ती प्रिय आहेत. त्यावर आम्ही कुणी काही बोललो नाही.

हाताला लागणारा उशीर

हे थोडक्यात. अण्णांची आणखी एक तक्रार होती, "पट्टी माझ्या हातात न्हाई." लॅपटॉपचा बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी नमुने साठवायचा कप्पा, १,०२४ नमुन्यांवर होता, म्हणजे साधारण २३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज हवेतून आठेक मीटर जातो. स्टेजच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेलं वाद्य इकडून वाजवायचं तसं ते झालं. ऐकणाऱ्याला काही कळत नाही, वाजवणाऱ्याची लय मात्र ओढली जाते. ऑडिओ इंटरफेस (आवाज बाहेर काढणारी वेगळी डबी) आणि त्याचा एएसआयओ ड्रायव्हर (उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) लावून बफर १२८ वर आणला, तीन मिलिसेकंदांच्या खाली. तक्रार संपली. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून स्टेजवर वाजवू नये, एवढं तरी कार्यक्रम करणाऱ्या पोरांनी पाळावं.

मंडपात

खोलीत सगळं जुळलं म्हणजे मंडपात जुळेल असं नाही. गणपतीआधी एका मंगल कार्यालयातल्या कार्यक्रमात लॅपटॉप पहिल्यांदा बाहेर काढला. बारक्यानं स्ट्रिंग्सचा एक पॅड (गाण्याखाली पसरून राहणारा टोन) रात्री-रात्री बसून हेडफोनवर घडवला होता. डावीकडून उजवीकडे पसरणारा, डोक्याभोवती फिरणारा. साउंड चेकला तो वाजला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पॅड होता कुठं? मिक्सरचा काटा हलत होता, पण आवाजात अंगच नव्हतं.

आपल्याकडच्या बहुतेक कार्यक्रमांत साउंडवाला दोन्ही बाजूंच्या स्पीकरना एकच मिसळलेला आवाज (मोनो) देतो, आणि ते बरोबरच आहे. डाव्या कोपऱ्यातल्या पाहुण्यांनी निम्मा वाद्यमेळ का ऐकावा? पण पसरट पॅडचा पसारा डावी-उजवीकडच्या लहरी एकमेकींपासून मागेपुढे सरकवून केलेला असतो. त्या एकत्र केल्या की बऱ्याच लहरी एकमेकींना खोडतात. हेडफोनवर जो आवाज राजवाडा होता तो मंडपात भिंतीवरचं चित्र झाला. डीएक्स-७ ला हा प्रश्न कधीच आला नाही, कारण त्याला बाहेर पडायचं भोकच एक. जो टोन त्यातून चांगला वाजला तो मंडपातही चांगलाच वाजणार. अण्णांच्या "गोल" या शब्दात याचा मोठा वाटा होता असं माझं मत. तीस वर्षं ते एकाच भोकातून, मोठ्या स्पीकरवर, पत्र्याच्या छपराखाली टोन पारखत आलेत. बारक्या हेडफोनवर पारखत होता. दोघांचे कान खरे, पारखायच्या जागा वेगळ्या.

ताईचं मत तोवर कुणी विचारलंच नव्हतं. तिनं न विचारता दिलं. "तुमचा पॅड चकचकीत आहे, पण माझ्या शब्दांवर बसतोय. मला ओरडून गावं लागतंय." कानाची सगळ्यात तिखट जाग दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यात असते, आणि शब्दांची व्यंजनं बरीचशी तिथंच कळतात. बारक्याची सगळी चकाकी तिथंच गोळा झाली होती. एकटा ऐकला तर सुंदर, गाण्याखाली अडगळ. त्याच पट्ट्यात पॅड खाली घेतला, पसारा काढून मोनोत परत घडवला. एकटा ऐकला तर आता तो मळकट लागतो. बारक्याला अजूनही तो आवडत नाही. गाण्यात मात्र तोच बसतो.

यात कोण बरोबर, असं मालकांनी मला विचारलं. मी म्हटलं, पाकीट ज्या गोष्टीसाठी मिळतं ती गोष्ट बरोबर. मंडपातल्या माणसाला ताईचे शब्द कळले पाहिजेत. घरी ऐकायच्या ट्रॅकमध्ये बारक्यानं खुशाल राजवाडा बांधावा.

ठरलं ते असं

डीएक्स-७ स्टेजवर राहिला. त्याच्या पट्ट्यांवर अण्णांचा हात बसलाय आणि जोराचा प्रश्न तिथं आपोआप सुटतो. मेलेल्या पट्ट्यांचे संपर्क साफ करून घेतले, बॅटरी बदलली, टोनची ती चिमुकली फाईल तिघांच्या फोनवर ठेवली. इलेक्ट्रिक पियानो आणि बेस त्याचाच. मिडी केबलनं लॅपटॉप त्याच्याच मागे जोडला; स्ट्रिंग्स, ब्रास आणि लीड तिकडून. लॅपटॉपमधून बाहेर जाणारी लाईन एकच, मोनो. कुठलाही नवा टोन आला की आधी पातळी जुळवायची, मग मोनोत ऐकायचा, मग ताई गात असताना ऐकायचा; आवडला-नाही आवडला हे त्यानंतर बोलायचं. हा नियम मालकांनी घातला, आणि सराव पहिल्यापेक्षा लवकर संपायला लागले.

लॅपटॉप मध्येच बंद पडला तर? ही अण्णांची शंका होती आणि ती अगदी रास्त. डीएक्स-७ बटण दाबल्या दाबल्या वाजतो. लॅपटॉप ऐन वेळी अपडेट मागतो. इंटरनेट बंद ठेवायचं, दुसरं काही त्यावर उघडायचं नाही, आणि प्रत्येक गाण्यात अण्णांनी डीएक्स-७ वर एक बदली टोन तयार ठेवायचा असं ठरलं. गणपतीत एकदा जनरेटर बदलताना वीज गेली. परत आल्यावर डीएक्स-७ पहिल्या मात्रेला हजर होता, आणि ऑडिओ इंटरफेस पुन्हा सुरू होऊन लॅपटॉपला सापडेपर्यंत अंतरा संपला. त्या दिवशी अण्णांनी काही बोलून दाखवलं नाही, पण घरी जाताना बारक्याला स्वतःच्या गाडीवर बसवून नेलं.

एक वाद तेवढा शिल्लक आहे. ग्रुपात ज्याचं वाद्य त्याला पाकिटात थोडं जास्त मिळतं. बारक्याचं म्हणणं लॅपटॉपही वाद्यच आहे, त्याचं वेगळं धरा. मालक म्हणतात, तू तो दिवसभर सिनेमे बघायलाही वापरतोस. यावर अण्णांनी बारक्याची बाजू घेतली. मालकांनी अजून उत्तर दिलेलं नाही.